लांगदॉकच्या द्राक्षबागा आणि सुधारत गेलेली वाइन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लांगदॉक नेमकं कुठे येतं?

फ्रान्सच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या काठाने. पूर्वेला नीम शहर आणि ऱ्होन नदी, पश्चिमेला कार्कासोन, उत्तरेला डोंगर आणि दक्षिणेला स्पेनच्या हद्दीपर्यंत जाणारा रुसियों. सरकारी कागदांत हा सगळा टापू २०१६ पासून ऑक्सितानी या मोठ्या प्रांतात गेला, पण वाइनच्या धंद्यात अजून लांगदॉक आणि रुसियों हीच नावं चालतात. मोंपेलिए, बेझिए, नार्बोन ही मुख्य शहरं. प्रोव्हान्स याच किनाऱ्यावर, पण ऱ्होनच्या पलीकडे. पर्यटकांचा ओढा तिकडे जास्त, द्राक्षं मात्र इकडे कितीतरी पटींनी जास्त.

इथे द्राक्षं कधीपासून आहेत?

ग्रीक व्यापाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या आग्दच्या आसपास वेली आणल्या. रोमनांनी इसवी सनापूर्वी ११८ मध्ये नार्बोन वसवलं आणि लागवड आतपर्यंत नेली. म्हणजे बोर्दो किंवा बुर्गुन्यचं नाव होण्याच्या कितीतरी आधीपासून. जुनेपणाचा इथे कोणी फार मोठा गाजावाजा करत नाही, कारण मधल्या दीडशे वर्षांचा इतिहास जास्त बोचरा आहे.

इतका जुना भाग, मग नाव इतकं खराब का झालं?

कारण सोपं आहे: खप वाढला आणि लोक त्याच्यामागे धावले. १८५० च्या दशकात रेल्वेने दक्षिण किनारा पॅरिस आणि उत्तरेकडच्या कारखान्यांच्या शहरांना जोडला. तिथल्या कामगारांना रोज जेवताना स्वस्त लाल वाइन लागायची. पाणी खात्रीचं नव्हतं, वाइन पोटभरीची मानली जायची. लांगदॉकच्या बागायतदारांनी गहू, ऑलिव्ह, मेंढ्या बाजूला सारल्या आणि सपाट, सुपीक जमिनीवर द्राक्षं लावली.

मग फायलोक्सेरा आला. मुळांचा रस शोषणारा हा अमेरिकन कीटक १८६३ च्या सुमारास ‘गार’ नावाच्या जिल्ह्यात पहिल्यांदा दिसला. १८६८ मध्ये मोंपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ झ्यूल-एमिल प्लाँशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो ओळखला. बागाच्या बागा वाळल्या. उपाय शेवटी अमेरिकेतूनच आला: कीटकाला दाद न देणारा अमेरिकन खुंट आणि त्याच्यावर फ्रेंच जातीचं कलम. हे संशोधन बरंचसं मोंपेलिएच्या कृषिशाळेत झालं.

खरी चूक यानंतरची. सगळं नव्याने लावायचंच होतं, तेव्हा डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनी सोडून लोक आणखी खाली, काळ्या कसदार मैदानात उतरले. जात निवडली आरामाँ. तिचं उत्पादन हेक्टरी २०० हेक्टोलिटरच्याही (म्हणजे २०,००० लिटरच्याही) पुढे जायचं. आपल्या हिशेबात साधारण एकरी दहा टन द्राक्षं. खायच्या द्राक्षाला हा आकडा शोभतो. वाइनला नाही. निघायचं ते फिकट, पातळ, आंबटसर पाणी. रंग यावा म्हणून त्यात लाल गराची आलिकांत बूशे ही जात मिसळायची आणि दम यावा म्हणून अल्जीरियाची जाड वाइन. अशी वाइन टँकरने विकली जायची, बाटलीवर गावाचं नाव येण्याचा प्रश्नच नव्हता.

१९०७ साली तिथे काय झालं होतं?

हा प्रश्न शेतकरी आंदोलनांत रस असणारे वाचक हमखास विचारतात, आणि विचारायलाच हवा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भाव कोसळले. एक तर पीक उदंड. त्यात उत्तरेचे व्यापारी साखर आणि पाणी घालून वाइन ‘बनवत’ होते, आणि अल्जीरियाचा माल येतच होता. ओद जिल्ह्यातल्या आर्जेलिए या छोट्या गावातला मार्सलँ आल्बेर हा बागायतदार आणि कॅफेवाला या असंतोषाचा चेहरा बनला. दर रविवारी एका नव्या शहरात सभा, आणि दर सभेला आधीच्यापेक्षा मोठी गर्दी. ९ जून १९०७ ला मोंपेलिएच्या सभेला पाच लाखांच्या वर माणसं आली असं सांगितलं जातं. त्या काळात खेड्यापाड्यांतून, बायकामुलांसह.

पंतप्रधान क्लेमाँसोने सैन्य पाठवलं. नार्बोनचे महापौर एर्नेस्त फेरूल यांना अटक झाली, गोळीबार झाला, माणसं मेली. मग सतराव्या पायदळ रेजिमेंटने बंड केलं. त्यातली पोरं याच भागातली, समोरच्या जमावात त्यांचेच नातेवाईक. आल्बेर चोरून पॅरिसला जाऊन क्लेमाँसोला भेटला. परतीच्या रेल्वेभाड्यासाठी क्लेमाँसोने त्याला शंभर फ्रँक दिले आणि ही गोष्ट वर्तमानपत्रवाल्यांच्या कानावर घातली. आल्बेरची पत एका दिवसात गेली. राजकारणातला इतका स्वस्त आणि इतका परिणामकारक डाव दुसरा सापडणं कठीण.

पण आंदोलन फुकट गेलं नाही. २९ जून १९०७ च्या कायद्याने साखर-पाणी घालण्यावर लगाम आला. वाइन म्हणजे द्राक्षाचा रस आंबवून झालेली वस्तू, हे तत्त्व कायद्याच्या जोरावर बाजारात रुजलं, आणि भेसळीवर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा याच काळात उभी राहिली.

तिथे सहकारी संस्था खूप आहेत असं ऐकलं. ते आपल्यासारखंच का?

बरंचसं. बेझिएजवळच्या मारोसाँ गावातल्या बागायतदारांनी १९०१ मध्ये एकत्र येऊन विक्री सुरू केली आणि १९०५ मध्ये सामाईक तळघर बांधलं. नंतर गावोगावी तेच झालं. आपल्याकडे ऊस कारखान्यावर घालतात तशी सभासदांनी द्राक्षं संस्थेवर घालायची, वजन आणि साखरेचा उतारा पाहून पैसे घ्यायचे. आजही लांगदॉकची निम्म्याहून कितीतरी जास्त वाइन सहकारी संस्थांतूनच निघते.

याचा तोटाही झाला. अनेक दशकं पैसे वजनावर आणि साखरेवर मिळत राहिले, चवीवर नाही. मग चांगली द्राक्षं पिकवणाऱ्याने कशासाठी घाम गाळायचा? ज्या संस्थांनी नंतर शेतवार दर्जा ठरवून वेगवेगळा भाव द्यायला सुरुवात केली, त्याच आज उभ्या आहेत. बाकीच्यांचं विलीनीकरण झालं किंवा त्यांना कुलूप लागलं.

सुधारणा नक्की कधी आणि कशी सुरू झाली?

एका माणसाने केली असं सांगणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नका. मुळात सुधारणेला भाग पाडलं ते गिऱ्हाइकाने, पिणं कमी करून. १९६० च्या सुमारास फ्रान्समध्ये माणशी वर्षाला शंभर लिटरहून अधिक वाइन लागायची. आज त्याच्या निम्मीही लागत नाही. १९६२ ला अल्जीरिया स्वतंत्र झाला आणि मिसळायला लागणारी वाइनही आटत गेली. मग इटलीचा स्वस्त माल आला. आंदोलनं पुन्हा पेटली. ४ मार्च १९७६ ला मोंत्रदाँ-दे-कोर्बिएर इथे बागायतदार आणि पोलीस समोरासमोर आले आणि दोन्ही बाजूंचा एकेक माणूस गोळीने मेला. या घटनेचा धक्का मोठा होता. केवळ भाव मागून भागणार नाही, हे त्यानंतर अनेकांनी मनातल्या मनात मान्य केलं.

युरोपीय समुदायाने वेली उपटायला पैसे दिले. पुढच्या तीनेक दशकांत लांगदॉक-रुसियोंमधल्या एक लाख हेक्टरहून जास्त बागा गेल्या. त्यात मैदानातली आरामाँ मोठ्या प्रमाणात गेली, आणि चांगल्या वाइनसाठी हे आवश्यकच होतं. दुर्दैवाने काही जुन्या डोंगरी बागाही गेल्या, कारण म्हाताऱ्या मालकाला तिथे चढणंच होईना.

याच काळात दोन वाटा फुटल्या. एक एमे गिबेर यांची. मियोचे हातमोज्यांचे व्यापारी. त्यांनी आनियान गावाजवळ जुनी मिळकत घेतली. बोर्दोचे भूगोलतज्ज्ञ आंरी आंजालबेर यांनी तिथली तांबडी, निचऱ्याची माती पाहून इथे मोठी वाइन होईल असं सांगितलं. नामांकित वाइनतज्ज्ञ एमिल पेनो यांनी पहिल्या हंगामांना सल्ला दिला. १९७८ मध्ये या मिळकतीची, म्हणजे मास द दोमास गासाकची, पहिली लाल वाइन निघाली. जात मुख्यतः काबेर्ने सोव्हिन्यों, स्थानिक नियमांत न बसणारी. त्यामुळे कागदोपत्री दर्जा साधा, आणि भाव बोर्दोच्या तोडीचा.

दुसरी वाट रोबेर स्काली यांची. त्यांनी बागायतदारांना मर्लो, शार्दोने, काबेर्ने लावायला लावलं आणि बाटलीवर जातीचं नाव ठळक छापलं. ऑस्ट्रेलिया आणि कॅलिफोर्निया हेच करत होते. १९८७ मध्ये ‘व्हँ द पेई दॉक’ हा दर्जा आला आणि निर्यात धडाक्याने वाढली. रसिक मंडळी गिबेर यांचं नाव घेतात, पण सामान्य बागायतदाराचं घर स्कालींच्या वाटेने जास्त चाललं. दोन्हींना समान श्रेय द्यायला हवं असं माझं मत.

बागेत आणि तळघरात नेमकं काय बदललं?

बागेत: आरामाँ गेली, सिरा, ग्रनाश आणि मूर्वेद्र आल्या. कारिन्याँ या जातीला आधी सगळ्यांनी शिव्या दिल्या, कारण मैदानात तीही पाण्यासारखीच निघते. पण डोंगरावरची साठ-ऐंशी वर्षांची कारिन्याँ, झुडपासारखी वाढवलेली, तारेविना, मांडवाविना, कमी घडांची, आता सोन्याच्या भावाने शोधली जाते. एकूण उत्पादन खाली आलं. वरच्या दर्जाच्या लाल वाइनला हेक्टरी साधारण ५० हेक्टोलिटरची मर्यादा असते, म्हणजे एकरी अडीच टनांच्या आसपास द्राक्षं. नाशिक-सांगलीच्या खायच्या द्राक्षाच्या बागायतदाराला हा आकडा ऐकून चक्कर येईल.

तळघरात: स्टीलच्या टाक्या आणि थंडावा. ऑगस्टच्या उन्हात तोडलेली पांढरी द्राक्षं टाकीत पोचेपर्यंत तापायची, रस काळवंडायचा. आता यंत्राने रात्री तोडणी होते. कारिन्याँचे अख्खे घड कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या बंद टाकीत ठेवून आंबवतात, त्यामुळे तिचा तुरटपणा कमी होऊन फळाची चव पुढे येते. नव्या ओकच्या पिंपांचा सोस १९९० च्या दशकात फार होता. आता ओसरलाय, आणि ते बरंच झालं.

बाटलीवर एओपी आणि आयजीपी असं दिसतं. यातलं चांगलं कोणतं?

शिक्क्यावरून चव ठरत नाही. एओपी म्हणजे ठरावीक हद्द, ठरावीक जाती, ठरावीक उत्पादन. लाल एओपी बहुधा दोन-तीन जातींचं मिश्रण असते, त्यामुळे पुढच्या बाजूला जातीपेक्षा जागेचं नाव मोठं. आयजीपी हा त्याहून मोकळा दर्जा: आयजीपी पेई दॉकचे (म्हणजे आधीच्या ‘व्हँ द पेई दॉक’चे) नियम सैल. पन्नासहून अधिक जाती चालतात आणि जातीचं नाव लिहिता येतं. स्वस्त, रोजची, ओळखीच्या चवीची वाइन हवी तर आयजीपी. जागेचा स्वभाव चाखायचा असेल तर एओपी. आणि नियमांशी न पटणारे काही उत्तम उत्पादक मुद्दाम आयजीपीत राहतात, मास द दोमास गासाक त्यातलंच. त्यामुळे उत्पादकाचं नाव शिक्क्यापेक्षा जास्त कामाचं.

कोणत्या भागांची नावं लक्षात ठेवावीत?

सगळी पाठ करण्यात अर्थ नाही. लाल वाइनसाठी माझी निवड अशी.

तेरास द्यु लार्झाक, २०१४ पासून स्वतंत्र दर्जा. मागे लार्झाकचं पठार, रात्री तिथून गार हवा उतरते. उन्हाळ्यात दिवस आणि रात्रीच्या तापमानात वीस अंशांपर्यंत फरक पडतो. म्हणून द्राक्ष पिकूनही आंबटपणा टिकतो. आज लांगदॉकमधली सगळ्यात नेमकी लाल वाइन इथली, असं मला वाटतं.

पिक सँ-लू मोंपेलिएच्या उत्तरेला, ६५८ मीटरच्या सुळक्याखाली. पाऊस जरा जास्त, सिराला मानवणारं. नाव झाल्यामुळे भावही चढलेत.

फोजेर म्हणजे सलग शिस्ट, पापुद्र्यांचा काळसर दगड. मुळं फटींतून खोल जातात. शेजारच्या सँ-शिनियाँमध्ये उत्तरेला तोच दगड आणि दक्षिणेला चुनखडी, त्यामुळे एकाच नावाखाली दोन स्वभाव. दोघांनाही १९८२ मध्ये दर्जा मिळाला. पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त देणारी गावं हीच.

कोर्बिएर आणि मिनर्व्हुआ हे १९८५ चे, खूप मोठे आणि खूप असमान. तिथे बूतनाक किंवा ला लिव्हिनिएर ही पोटनावं शोधा. फितू १९४८ चं, लांगदॉकच्या लाल वाइनमधलं पहिलं एओसी (एओपीचंच जुनं फ्रेंच रूप). मान जुना, पण दोन तुकड्यांत विभागलेलं: एक समुद्राकाठी, दुसरा डोंगरात.

पांढरी, फसफसणारी, गोड?

पिकपूल द पिने ही टोच्या सरोवराकाठची पांढरी वाइन. लिंबाळ, खारट झाक असलेली. तिथले लोक ती त्याच सरोवरातल्या कालवांबरोबर पितात. तळलेल्या बोंबलाबरोबर ती तितकीच जमते. नार्बोनजवळचं ला क्लाप हे रोमन काळात बेट होतं. तिथल्या बूर्बुलाँक जातीच्या पांढऱ्या वाइनकडे लोकांचं उगाच दुर्लक्ष होतं.

लिमूमध्ये फसफसणारी ब्लाँकेत होते, मोझाक जातीची. १५३१ साली सँ-तिलेरच्या मठातल्या संन्याशांनी ती शँपेनच्याही आधी केली, असं लिमूकर छातीठोक सांगतात. शँपेनकर अर्थातच सांगत नाहीत. गोडात फ्राँतिन्याँचं मुस्कात, आणि रुसियोंमधली बान्यूल्स, मोरी, रिव्हझाल्त. आंबणं चालू असतानाच अल्कोहोल घालून थांबवलेली, त्यामुळे द्राक्षाची साखर आत राहते.

सेंद्रिय वाइन इथे इतकी का?

वाऱ्यामुळे. वायव्येकडून येणारा त्रामोंतान हा कोरडा वारा, पाऊस पडून गेला की पानं लगेच सुकवतो, म्हणून केवडा आणि भुरी हे बुरशीचे रोग कमी. फवारण्या वाचतात. समुद्राकडून येणारा दमट मारँ वारा मात्र हा हिशेब बिघडवतो. फ्रान्समधल्या प्रांतांत सेंद्रिय द्राक्षबागांच्या क्षेत्रात ऑक्सितानी आघाडीवर आहे.

आता भेसळ होत नाही ना?

साखर-पाण्याचा जमाना गेला. पण २०१० मध्ये कार्कासोनच्या न्यायालयाने काही व्यापाऱ्यांना आणि संस्थांना दोषी ठरवलं. त्यांनी एका बड्या अमेरिकन कंपनीला पिनो नुआर म्हणून मर्लो आणि सिरा विकली होती. पकडलं कसं? तो भाग जेवढी पिनो नुआर पिकवत होता, त्याहून कितीतरी जास्त कागदावर विकली गेली होती. पिणाऱ्यांच्या मात्र लक्षात आलं नाही, याचा अर्थ ज्याने त्याने काढावा.

हवामान बदलाचा फटका बसतोय का?

बसतोय, आणि फ्रान्समध्ये बहुधा सगळ्यात आधी इथेच. २८ जून २०१९ ला एरो जिल्ह्यातल्या व्हेरार्गमध्ये ४६ अंश तापमान नोंदलं गेलं. एका दुपारी बागांमधली पानं आणि घड होरपळले. एप्रिल २०२१ मध्ये उलटं झालं: लवकर फुटलेल्या डोळ्यांवर गोठलेलं दहिवर पडलं. रुसियोंने २०२२ पासून सलग दुष्काळ पाहिला.

एओपी बागांना पाणी द्यायला बरीच वर्षं जवळजवळ मनाई होती. २००६ नंतर नियम सैल झाले. ऱ्होनचं पाणी नळाने नार्बोनपर्यंत आणणारी आक्वा दोमिसिया योजना त्याच गरजेतून आली. रोगाला दाद न देणाऱ्या आर्ताबाँ, फ्लोरेआल अशा नव्या जातीही लावल्या जातायत. त्यांची वाइन अजून फार मन मोहवत नाही, पण फवारणी वाचते हे खरं.

वाइन सुधारली, तर आता पुन्हा वेली का उपटतात?

कारण लाल वाइन पिणारे कमीच होत चाललेत, आणि सुधारलेली वाइनही लालच जास्त आहे. अलीकडच्या योजनेत कायमची बाग काढणाऱ्याला हेक्टरी ४००० युरो मिळाले. पहिल्या वेळी वाईट बागा गेल्या म्हणून फायदा झाला. या वेळी तसं म्हणता येत नाही. कोर्बिएरमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये सुमारे १६,००० हेक्टर जळालं. डोंगरातल्या बागा म्हणजे आग अडवणारे हिरवे पट्टे, ते उपटल्यामुळे वणवा मोकाट पळाला, असं तिथले बागायतदार सांगत होते. चांगली वाइन करूनही गाव रिकामं होऊ शकतं, हा त्यांचा आजचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तळघरात मिळणार नाही.

नाशिकच्या बागायतदाराला यातून घेण्यासारखं काही आहे का?

तंत्र तसंच्या तसं नाही. त्यांच्याकडे वेल हिवाळ्यात झोपते, आपल्याकडे दोनदा छाटावी लागते आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. खुंटाचा धागा मात्र खरा आहे. महाराष्ट्रात सर्रास वापरला जाणारा डॉगरिज हा खुंटही अमेरिकन वेलीचाच, फक्त आपण तो फायलोक्सेरासाठी नव्हे तर क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी लावला. बाकी वजनावर भाव देणारा करार वाइनची चव बिघडवतो, हे दोन्हीकडे सारखंच लागू.

जायचं असेल तर कधी जावं?

तोडणी ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत. पाहायला मजा, पण कोणाला बोलायला सवड नसते. मे-जून उत्तम. पॅरिसहून मोंपेलिए वेगवान रेल्वेने साडेतीन तासांच्या आसपास. पुढे मात्र गाडी लागते, आणि चालवणाऱ्याने चाखून थुंकायचं. तिथे त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, त्यासाठी भांडंच ठेवलेलं असतं. छोट्या उत्पादकाकडे आधी फोन करून जा. दुपारी बारा ते दोन दार वाजवू नका.

ही वाइन किती वर्षं ठेवता येते?

पिकपूल आणि साधी आयजीपी दोन वर्षांत संपवा. फोजेर, सँ-शिनियाँ पाच-सात वर्षं. तेरास द्यु लार्झाक किंवा ला लिव्हिनिएरच्या चांगल्या बाटल्या दहा वर्षं सहज, अर्थात थंड जागी. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवणार असाल तर वाट न पाहता याच हिवाळ्यात उघडा.